वाचनालयाच्या डेबियन गेटवेवर डीएसएल: प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०१४

ठिकाण: कोकणातल्या तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय. तांब्याच्या टेलिफोन लाइनवर एडीएसएल२+ जोडणी (डीएसएल म्हणजे फोनच्याच तारेवरून इंटरनेट), प्लॅन २ एमबीपीएसचा. मॉडेम ब्रिज मोडमध्ये (नुसता पूल, स्वतः लॉगिन न करणारा) ठेवून लॉगिन डेबियन ७ लिनक्सवर घ्यायचं आणि त्याच पीसीमागे अभ्यासिकेतली पाच मशिनं लावायची. आज्ञा, फाइली आणि पर्यायांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत.

१२ जून २०१४ : सामान आणि आखणी

गेटवेसाठी, म्हणजे इंटरनेट आणि आतली मशिनं यांच्या मधल्या पीसीसाठी, कपाटात पडून असलेला ड्युअल कोअर पीसी घेतला. १ जीबी रॅम, ८० जीबी डिस्क. या कामाला हे गरजेपेक्षा जास्तच. २५६ एमबीतही भागलं असतं. नेटवर्क कार्डं मात्र दोन लागतात. एक बोर्डावरचं आहेच, दुसरं रिअलटेक ८१३९ चिपचं जुनं पीसीआय कार्ड बसवलं. मॉडेम या पीसीआय कार्डाला जोडायचा, बोर्डावरच्या पोर्टला नाही. पावसाळ्यात विजेचा झटका टेलिफोनच्या तारेतून मॉडेममध्ये शिरतो आणि लॅन केबलमधून पुढे सरकतो. जळायचंच तर काढून फेकता येणारं कार्ड जळावं, मदरबोर्ड नको.

मॉडेम एका लॅन पोर्टचा, शिवाय यूएसबी पोर्ट असलेला. यूएसबीच्या वाटेला जायचं नाही. त्यासाठी चिपनुसार वेगळा ड्रायव्हर आणि बहुतेक वेळा वेगळं फर्मवेअर लागतं. लॅन केबलला यातलं काहीच लागत नाही. यूएसबी वापरावं असं एकही कारण लिनक्सवाल्याकडे नसतं.

बाकी सामान: आठ पोर्टचा स्विच, स्प्लिटर एक, मायक्रोफिल्टर एक जादा, आरजे-११ ची आखूड कॉर्ड (मॉडेमबरोबर आलेली, २ मीटरच्या आतली), ६०० व्हीएचा यूपीएस.

मॉडेमलाच राउटर करून सोडला असता तर अर्ध्या तासात काम झालं असतं, हे खरं. पण मग लॉगिन का तुटलं, कधी तुटलं, पलीकडून काय उत्तर आलं, यातलं काहीच दिसत नाही. मॉडेमचा दिवा लाल झाला एवढंच कळतं. ब्रिजमध्ये पीपीपीओईचा (डीएसएलवर लॉगिन करण्याची पद्धत) प्रत्येक टप्पा लिनक्सच्या सिसलॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, उमटतो. शिवाय पाच मशिनं एकाच वेळी चालली की हे स्वस्त मॉडेम जोडण्यांच्या तक्त्याने बेजार होतात, हा वेगळाच ताप.

कार्डांच्या नावांबद्दल एक नोंद. डेबियन ७ मध्ये यूडेव्ह (हार्डवेअरला नावं देणारा भाग) प्रत्येक कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) /ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी/७०-पर्सिस्टंट-नेट.रूल्स मध्ये लिहून ठेवतो. उद्या जळालेलं कार्ड बदललं की नवं कार्ड ईथ० न होता ईथ२ होणार आणि सगळी मांडणी ठप्प होणार. कार्ड बदलल्यावर त्या फाइलीतली जुनी ओळ काढून नव्या ओळीतलं नाव ईथ० करायचं. आत्ता ठरलेलं: ईथ० मॉडेमकडे, ईथ१ स्विचकडे.

१३ जून : लाइन

आधी तांबं, मग मॉडेम, मग लिनक्स. खालचा मजला पक्का झाल्याशिवाय वरच्याला हात लावायचा नाही.

ऑफिसच्या व्हरांड्यात रोझेट (टेलिफोन लाइन आत येते ती डबी) आहे. तिथून एक वायर ऑफिसातल्या फोनला आणि दुसरी समांतर वायर ग्रंथपालांच्या टेबलावरच्या फोनला गेलेली. ही समांतर वायर डीएसएलची जुनी शत्रू. फोनचं बोलणं ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये असतं, एडीएसएलचं अपलोड साधारण २६ किलोहर्ट्झपासून १३८ किलोहर्ट्झपर्यंत आणि डाउनलोड त्याच्यावर. एडीएसएल२+ मध्ये थेट २.२ मेगाहर्ट्झपर्यंत. मध्ये फिल्टर नसलेला प्रत्येक फोन या वरच्या पट्ट्यातली ताकद गिळतो. रिसीव्हर उचलला की त्याचा भार बदलतो, आणि घंटी वाजताना लाइनवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो. मॉडेमची सिंक, म्हणजे एक्स्चेंजशी जुळलेला सूर, नेमकी तेव्हाच सुटते.

म्हणून जोडणीचा क्रम असा केला: रोझेटमधून येणारी जोडी सरळ स्प्लिटरच्या 'लाइन' तोंडात. 'मॉडेम' तोंडातून मॉडेम. 'फोन' तोंडातून दोन्ही फोन, आधीच्याच समांतर वायरीवर. असं केलं की एका स्प्लिटरमागे कितीही फोन लावा, वेगळे फिल्टर लागत नाहीत. जादा फिल्टर कपाटात ठेवला. स्प्लिटर उलटा लावला तरी फोन चालतो, डायल टोन येते, आणि मॉडेमचा डीएसएल दिवा मात्र जन्मभर लुकलुकत राहतो. तिन्ही तोंडांवरची अक्षरं वाचूनच केबल खुपसावी.

मॉडेम अभ्यासिकेत माळ्यावर बसणार, त्यामुळे स्प्लिटरपासून तिथवर नवी वळणदार जोडी, म्हणजे एकमेकींभोवती पीळ दिलेल्या दोन तारा, टाकली. वाचनालयाकडे चपटी टेलिफोन वायर भरपूर होती, ती वापरली नाही. चपट्या वायरीत पीळ नसतो, त्यामुळे ती लांब टाकली की आसपासच्या ट्यूबलाइटच्या चोकपासून पंख्याच्या रेग्युलेटरपर्यंत सगळ्यांचा गोंगाट गोळा करते. आखूड कॉर्डपुरती ती ठीक. नवी जोडी खिडकीबाहेरून वर नेली आहे, एक सांधा बाहेरच्या भिंतीवर आहे.

सिंक आली. मॉडेमच्या पानावरचे आकडे:

डाउन २०४८, अप ५१२ केबीपीएस. डाउनचं अटेन्युएशन (तारेत होणारी घट) ३८ डेसिबेल, एसएनआर मार्जिन (गोंगाटावर शिल्लक असलेली ताकद) २१ डेसिबेल. सीआरसी चुका (वाटेत बिघडलेला डेटा) नगण्य.

०.४ मिलिमीटरच्या तारेला किलोमीटरमागे ढोबळ १३-१४ डेसिबेल धरले तर एक्स्चेंज पावणेतीन किलोमीटरवर येतं. पल्ला बरा आहे. २१ मार्जिन म्हणजे चैन. ६ च्या खाली गेलं की सिंक टिकत नाही.

१४ जून : मॉडेम ब्रिज

पीसीच्या ईथ० ला हाताने १९२.१६८.१.२ दिला आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडलं. वॅन पानावर आधीच एक पीपीपीओईची नोंद होती, ती आधी काढून टाकली. ती ठेवून बाजूला ब्रिजची नवी नोंद केली तर मॉडेम आतल्या आत स्वतःच लॉगिन करून बसतो. मग लिनक्सला पलीकडचं उत्तर येतं, पण एका खात्यावर एकच सत्र चालत असल्याने लॉगिन नाकारलं जातं, आणि माणूस पासवर्ड तपासत बसतो.

नवी नोंद: व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५ (लाइनवरच्या आभासी वाटेचे दोन क्रमांक), एन्कॅप्सुलेशन (पॅकेट बांधण्याची पद्धत) एलएलसी, प्रकार ब्रिज. बीएसएनएलच्या एडीएसएलला ०/३५ आणि एमटीएनएलच्या मुंबई-दिल्लीच्या जोडण्यांना ०/३२ हे आकडे रूढ आहेत. हे आकडे चुकले तरी डीएसएल दिवा स्थिर हिरवाच राहतो, कारण सिंक हा खालच्या मजल्याचा मामला आणि व्हीपीआय-व्हीसीआय वरच्या एटीएमचा (डेटा छोट्या सेलांत पाठवणारी पद्धत). पीपीपीओईला उत्तर येत नाही एवढंच लक्षण.

मॉडेमचा डीएचसीपी सर्व्हर (मशिनींना आयपी पत्ते वाटणारा) बंद केला. शेवटी 'सेव्ह' आणि नंतर वेगळ्या पानावरचं 'रीबूट'. या जातीच्या मॉडेममध्ये नुसतं 'अप्लाय' दाबलं तर बदल चालू मेमरीत राहतो, आणि पहिली वीज गेली की जुनी मांडणी परत.

१६ जून : पीपीपीओई

कोंबडी आधी की अंडं आधी असा प्रकार: पॅकेज उतरवायला नेट हवं, नेट जोडायला पॅकेज. पीपीपी आणि पीपीपीओईकॉन्फ ही दोन्ही पॅकेजं आमच्या डीव्हीडीवर होती. एपीटी-सीडीरॉम ॲड करून तिथूनच घेतली. नुसत्या नेटइन्स्ट सीडीवरून थेट डीएसएलवर इन्स्टॉल करायचं असेल तर इन्स्टॉलर सुरू होतानाच बूटच्या ओळीत 'मॉड्यूल्स=पीपीपी-यूडेब' लिहावं लागतं, नाहीतर इन्स्टॉलरला पीपीपीओई ठाऊकच नसतं.

पीपीपीओईकॉन्फ चालवण्याआधी पलीकडे कोणी आहे का ते पाहिलं: ईथ० 'अप' करून पीपीपीओई-डिस्कव्हरी, पर्याय मोठा आय आणि पुढे ईथ०. ॲक्सेस कॉन्सन्ट्रेटरचं (पलीकडच्या लॉगिन घेणाऱ्या यंत्राचं) नाव आणि मॅक पत्ता लगेच आला. म्हणजे लाइन, एटीएम आणि ब्रिज हे तिन्ही मजले ठीक. इथे उत्तर आलं नसतं तर यूजरनेम-पासवर्डकडे बघण्यात अर्थच नव्हता.

मग रूट होऊन पीपीपीओईकॉन्फ. तो प्रत्येक कार्डावर पाडी (पीपीपीओईची 'कोणी आहे का' ही हाक) पाठवून बघतो आणि उत्तर कुठून आलं ते सांगतो. पुढचे प्रश्न: नेहमीचे पर्याय घालू का (हो), यूजरनेम, पासवर्ड, डीएनएस पलीकडून घेऊ का (हो), एमएसएस (टीसीपीच्या एका तुकड्याची कमाल लांबी) १४५२ ला आवळू का (हो), बूटला आपोआप जोडू का (हो). यूजरनेम डोमेनसकट, म्हणजे ॲट चिन्हापुढचा भाग गाळायचा नाही.

यातून तयार झालेल्या गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. सगळी मांडणी /ईटीसी/पीपीपी/पीअर्स/डीएसएल-प्रोव्हायडर मध्ये. पासवर्ड शेजारच्या पॅप-सीक्रेट्स आणि चॅप-सीक्रेट्स या दोन्हींत, कारण पॅप आणि चॅप या पासवर्ड तपासण्याच्या दोन पद्धतींपैकी कोणती मागायची ते पलीकडचा ठरवतो. पासवर्ड उघडाच लिहिलेला असतो, तेव्हा परवानगी ६०० आहे याची खात्री केली. पासवर्डमध्ये हॅशचं चिन्ह असेल तर अवतरणचिन्हं हवीतच. नाहीतर त्यापुढचं सगळं टिप्पणी समजून सोडून दिलं जातं.

जोडायला पॉन डीएसएल-प्रोव्हायडर, तोडायला पॉफ, नोंद बघायला पीलॉग. पीपीपी० उभा राहिला, आयपी मिळाला.

नोंदीत काय दिसलं तर कुठे बघायचं, हे कागदावर उतरवून मॉडेमच्या बाजूला चिकटवलं:

'टाइमआउट वेटिंग फॉर पाडो पॅकेट्स' (पाडो म्हणजे पाडीचं उत्तर): पासवर्डचा संबंध नाही. केबल, ईथ० 'डाउन', मॉडेमची सिंक, व्हीपीआय-व्हीसीआय, मॉडेम ब्रिजमध्ये आहे का, या क्रमाने बघा.

'एलसीपी: टाइमआउट सेंडिंग कॉन्फिग-रिक्वेस्ट्स': पलीकडचा भेटला, पण बोलत नाही. मॉडेम दोन मिनिटं बंद करून पुन्हा लावा.

'पॅप' किंवा 'चॅप ऑथेंटिकेशन फेल्ड': यूजरनेम, पासवर्ड, किंवा जुनं सत्र अजून पलीकडे उघडं. ८ जुलैची नोंद पाहा.

१७ जून : राउटिंग आणि अभ्यासिकेची मशिनं

लॉगिन होतं, पीपीपी० ला पत्ता असतो, पण पिंग बाहेर जात नाही, ही तक्रार डीएसएलवर सर्रास ऐकू येते. कारण बहुधा एकच: मॉडेम आधी राउटर असताना ईथ० ने डीएचसीपीतून १९२.१६८.१.१ हा डीफॉल्ट रूट (बाहेर जायची ठरलेली वाट) घेतलेला असतो, आणि पीपीपीडी (जोडणी सांभाळणारा प्रोग्राम) दुसऱ्याचा रूट आपण होऊन पुसत नाही. सिसलॉगमध्ये 'नॉट रिप्लेसिंग एक्झिस्टिंग डीफॉल्ट रूट' असं स्पष्ट लिहिलेलं असतं, पण तिथवर कोणी वाचत नाही. पर्यायांत 'रिप्लेसडीफॉल्टरूट' घालूनही भागतं. इथे मुळातच तो रूट येऊ दिला नाही: /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस मध्ये ईथ० ला स्टॅटिक १९२.१६८.१.२, नेटमास्क २५५.२५५.२५५.०, आणि गेटवेची ओळ नाहीच.

हा पत्ता पीपीपीओईला लागत नाही. तो बिनपत्त्याच्या कार्डावरही चालतो. पत्ता दिला तो मॉडेमचं पान उघडून मार्जिन बघता यावं म्हणून. त्यामुळे आतल्या मशिनींना १९२.१६८.१ ची मालिका वापरता येत नाही. ईथ१ ला १९२.१६८.१०.१ दिला.

आतल्यांसाठी डीएनएसमास्क (पत्ते वाटणारा आणि नावं सोडवणारा छोटा सर्व्हर): डीएचसीपीतून ५० ते ९९ पत्ते, आणि डीएनएससाठी रिझॉल्व्ह-फाइल म्हणून /ईटीसी/पीपीपी/रिझॉल्व्ह.कॉन्फ. 'यूजपीअरडीएनएस'मुळे पीपीपीडी दर जोडणीला ही फाइल ताजी लिहितो. सिसकंट्रोलमध्ये आयपी फॉरवर्ड १. आयपीटेबल्समध्ये (लिनक्सची फायरवॉल) नॅटच्या पोस्टराउटिंगला पीपीपी० वर मास्करेड, म्हणजे सगळी मशिनं बाहेर एकाच पत्त्याने दिसतात. आत येणाऱ्यांत आधीच्या जोडण्यांची उत्तरं तेवढी स्वीकारायची, नवी आलेली टाकून द्यायची. फायरवॉलची स्क्रिप्ट आरसी.लोकलमधून.

डेस्कटॉपवर एकाच माणसासाठी डीएसएल हवं असेल तर एवढा व्याप नको. नेटवर्कमॅनेजरमध्ये 'डीएसएल' असा वेगळा टॅबच आहे. यूजरनेम-पासवर्ड घातला की झालं. दोन्ही पद्धती एकाच कार्डावर लावू नयेत.

२० जून : वेग

तक्रार: "२ एमबीपीएस म्हणता आणि डब्ल्यूगेट तर २१२ के दाखवतो." बरोबर दाखवतो. हिशेब एकदाचा मांडून ठेवतो.

पीपीपीओईवरचं सगळ्यात मोठं आयपी पॅकेट १४९२ बाइटचं. त्याला पीपीपी आणि पीपीपीओई मिळून ८, इथरनेटचे १४, एलएलसीचे १०, एएएल५ चे ८: झाले १५३२. एटीएमच्या एका सेलमध्ये ४८ बाइट माल मावतो, म्हणजे ३२ सेल. प्रत्येक सेल तारेवर ५३ बाइटचा, म्हणून १६९६. त्यात टीसीपीचा खरा माल १४४० (टाइमस्टॅम्पचे १२ बाइटही वजा करून). ८५ टक्के. २०४८ केबीपीएसचे ८५ टक्के, भागिले ८, भागिले १.०२४: २१२. बाकीचा १५ टक्के बारदान आहे आणि सेटिंग बदलून तो फारसा कमी होत नाही.

२७ जून : काही पानं उघडतात, काही लटकतात

आज बहुतेक वेळ यातच गेला, आणि प्रकारही वेधक होता.

लक्षण: अभ्यासिकेतल्या मशिनींवर पिंग चालतो, नावं सुटतात, साधी पानं येतात. बँकेचं लॉगिन पान मात्र लटकतं. खुद्द गेटवेवरून तेच पान झटक्यात येतं. दुसरं लक्षण जास्त बुचकळ्यात टाकणारं: वीज जाऊन आली की सगळं ठीक चालतं, आणि नुसता पीसी रीबूट केला की बिघडतं.

पहिल्या लक्षणावरून एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) हे उघड होतं. आतल्या मशिनींना इथरनेटचा १५०० ठाऊक, त्या समोरच्या सर्व्हरला "मला १४६० चे तुकडे पाठव" असं सांगतात. ते तुकडे १५०० चं पॅकेट होऊन येतात आणि १४९२ च्या पीपीपीओईत मावत नाहीत. पलीकडचा राउटर सर्व्हरला 'फ्रॅगमेंटेशन नीडेड' असा आयसीएमपी संदेश पाठवतो, पण अनेक सर्व्हरांपुढच्या फायरवॉली सगळंच आयसीएमपी अडवतात. सर्व्हर तीच मोठी पॅकेटं पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. लहान पान एका पॅकेटात येतं म्हणून दिसतं; एचटीटीपीएसमध्ये सर्टिफिकेटांची साखळीच दोन-चार केबीची, त्यामुळे सुरुवातीलाच गाडी अडते. गेटवेची स्वतःची जोडणी पीपीपी० वरून निघत असल्याने ती मुळातच १४५२ सांगते, म्हणून तिथे त्रास नाही.

खात्री अशी: पिंगला पर्याय मोठा एम 'डू' आणि एस १४६४ दिला तर जातो (१४६४ अधिक २८ म्हणजे १४९२), १४६५ दिला की 'फ्रॅग नीडेड'. आणि टीसीपीडंप (जाणारी-येणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम) पीपीपी० वर लावून बाहेर जाणाऱ्या सिन (जोडणी सुरू करणाऱ्या) पॅकेटांतला एमएसएस वाचला: १४६०. तिथे १४५२ हवा होता.

पण पीपीपीओईकॉन्फला एमएसएस आवळायला 'हो' म्हटलं होतं. त्याने /ईटीसी/पीपीपी/आयपी-अप.डी मध्ये ०क्लॅम्पएमएसएस नावाची स्क्रिप्टही टाकलेली आहे. पीपीपी० उभा राहिला की ती आयपीटेबल्सच्या मँगल (पॅकेटांत फेरफार करणाऱ्या) टेबलमध्ये नियम घालते. मग नियम जातो कुठे?

आरसी.लोकलमधली फायरवॉल स्क्रिप्ट सुरुवातीला फिल्टर, नॅट आणि मँगल अशी तिन्ही टेबलं रिकामी करते. नुसता पीसी रीबूट केला तर मॉडेम आधीपासून सिंकमध्ये असतो, पीपीपी० काही सेकंदांत उभा राहतो, ०क्लॅम्पएमएसएस नियम घालते, आणि मागून आरसी.लोकल येऊन तो पुसतं. वीज जाऊन आली तर मॉडेमला सिंक धरायला वेळ लागतो, तोवर आरसी.लोकल होऊन गेलेलं असतं, आणि नियम मागाहून पडल्याने टिकतो. जोडणी मध्येच तुटून पुन्हा आली तरी तो परत पडतो, म्हणून दुपारनंतर आपोआप बरं झाल्यासारखं वाटायचं.

दुरुस्ती: फायरवॉल स्क्रिप्टमधली मँगल पुसणारी ओळ काढली. शिवाय स्क्रिप्ट आरसी.लोकलमधून हलवून इंटरफेसेस फाइलीत ईथ१ च्या प्री-अपला लावली, आणि ईथ१ चा भाग डीएसएल-प्रोव्हायडरच्या वर घेतला. पीपीपी० अजून नसला तरी त्याच्या नावाचे नियम आयपीटेबल्स बिनतक्रार घेतं. आधीच्या मांडणीत जोडणी झाल्यापासून आरसी.लोकल चालेपर्यंत मशीन उघडं पडत होतं, तेही मिटलं. पीसी रीबूट करून टीसीपीडंपने पुन्हा पाहिलं: १४५२.

आतल्या प्रत्येक मशिनीचा एमटीयू हाताने १४९२ करा असा सल्ला सगळीकडे मिळतो. चालतो तो, पण उद्या कोणी लॅपटॉप आणून लावला की पुन्हा तेच. गेटवेवर एका नियमाने होणारं काम पाच ठिकाणी करू नये.

३ जुलै : पावसात सिंक सुटते

दोन दिवस संततधार. फोन वाजला की नेट जातं, संध्याकाळी आपोआपही जातं. सिसलॉगमध्ये 'नो रिस्पॉन्स टू इको-रिक्वेस्ट्स' आणि लगेच पाडो टाइमआउट. म्हणजे खालचा मजला.

मॉडेमचं पान: सिंक अजूनही २०४८, मार्जिन मात्र ७, मधूनच ४. सीआरसी चुका बघता बघता वाढताहेत. हा मुद्दा नोंदवून ठेवण्यासारखा आहे: प्लॅनचा वेग लाइनच्या ताकदीपेक्षा बराच कमी असला की बिघाड मार्जिनमागे लपतो. २१ चं १२ झालं तरी वापरणाऱ्याला काही कळत नाही, वेग तोच असतो. कळतं तेव्हा शेवटचे दोन-तीन डेसिबेल उरलेले असतात.

रिसीव्हर उचलून एक आकडा दाबला आणि डायल टोन थांबल्यावर कान दिला. खरखर होती. मग मॉडेम माळ्यावरून खाली आणून रोझेटजवळ स्प्लिटरला थेट लावला: मार्जिन २०. बाहेरून येणारी लाइन निर्दोष. दोष आपल्या वर नेलेल्या वायरीत.

खिडकीबाहेरचा सांधा उघडला. पीळ मारून वर चिकटपट्टी गुंडाळलेली, आत पाणी, तांब्यावर हिरवट चढ. सांध्यात ओल धरली की दोन तारांमध्ये गळती होते, आणि चढलेल्या तांब्याचा संपर्क तापमानाबरोबर बदलत राहतो. तीन-तीन सेंटिमीटर तार कापून टाकली आणि जेली भरलेल्या कनेक्टरने नव्याने जोडली. हे कनेक्टर पकडीने दाबले की तार न सोलताही धरतात आणि जेली पाणी आत येऊ देत नाही. वायर भिंतीत शिरते तिथे खाली झोळ दिला, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं, तारेवरून ओघळत भोकात शिरत नाही. मार्जिन पुन्हा २१.

८ जुलै : वीज गेल्यानंतर

दोन वेगवेगळ्या भानगडी, दिसायला एकसारख्या.

पहिली. रात्री मॉडेमची बाजू बराच वेळ बंद, पीसी यूपीएसवर चालू. सकाळी मॉडेम सिंकमध्ये, तरी जोडणी नाही. पीपीपीडी चालूच नव्हता. डीएसएल-प्रोव्हायडरमध्ये 'पर्सिस्ट' होतं, पण 'मॅक्सफेल' दिलं नाही तर तो १० धरला जातो: लागोपाठ दहा प्रयत्न फसले की पीपीपीडी गाशा गुंडाळतो. 'मॅक्सफेल ०' आणि 'होल्डऑफ २०' या ओळींपुढची हॅश काढली. आता तो कायम प्रयत्न करत राहील. मॉडेमही यूपीएसवर घेतला. तो १० वॉटही खात नाही, त्याला आधी का वगळलं होतं कोण जाणे.

दुसरी. यूपीएसची बॅटरी संपून सगळं धाडकन बंद पडलं तर लिनक्सला निरोपाचा पाड्ट पाठवायला फुरसत मिळत नाही. पलीकडे जुनं सत्र उघडंच राहतं, आणि वीज आल्यावरचं नवं लॉगिन 'ऑथेंटिकेशन फेल्ड' म्हणून परत येतं. पासवर्डला हात लावू नका. पलीकडच्याची प्रतीक्षा संपली की सत्र आपोआप मोकळं होतं. पाच-दहा मिनिटं थांबायचं. 'मॅक्सफेल ०' असल्याने थांबण्याचं कामही पीपीपीडीच करतो. मुद्दाम बंद करायचं असेल तर आधी पॉफ, मग शटडाउन.

एलसीपी इकोची (लाइन जिवंत आहे का ते विचारणाऱ्या हाकेची) वारंवारता तपासली: /ईटीसी/पीपीपी/ऑप्शन्स मध्ये ३० सेकंद आणि ४ चुका, म्हणजे मेलेली लाइन दोन मिनिटांत ओळखली जाते. तशीच ठेवली. ५ सेकंदांवर आणली तर अपलोड तुडुंब भरलेलं असतानाही लाइन मेली असं समजून पीपीपीडी चालती जोडणी तोडतो.

२२ जुलै : अपलोड

कोणीतरी फोटो चढवायला लागलं की बाकीच्या चार मशिनींचं ब्राउझिंग ठप्प. पिंग एक सेकंदाच्या वर. डाउनलोड मोकळं असूनही असं होतं, कारण पोच-पावत्या अपलोडच्या रांगेत अडकतात, आणि ती रांग मॉडेमच्या आत असते, आपल्या ताब्यात नसते. ५१२ केबीपीएसवर एक पूर्ण पॅकेट जायलाच २६ मिलिसेकंद लागतात. मॉडेममध्ये अशी चाळीस साचली की झाला सेकंद.

उपाय: रांग लिनक्समध्ये आणायची. टीसीने पीपीपी० वर एचटीबी (वेग बांधणारी रांग), दर ४८० केबिट, त्याखाली एसएफक्यू (सगळ्यांना पाळीपाळीने संधी देणारी रांग), पर्टर्ब १०. सोबत 'स्टॅब'मध्ये 'लिंकलेअर एटीएम' आणि 'ओव्हरहेड ४०', म्हणजे २० जूनच्या हिशेबातलं बारदान कर्नल स्वतः धरतो. हे न देता दर लावला तर लहान पॅकेटांत फसगत होते: ५२ बाइटची पोच-पावती तारेवर दोन सेल, म्हणजे १०६ बाइट होऊन जाते. एफक्यू-कोडेल (याहून नवी रांगेची पद्धत) असतं तर बरं झालं असतं, पण ते कर्नल ३.५ पासून आहे आणि डेबियन ७ चा कर्नल ३.२.

पीपीपी० दर जोडणीला नवा जन्म घेतो, म्हणून या ओळी /ईटीसी/पीपीपी/आयपी-अप.डी मध्ये. फाइलीचं नाव नुसतं 'शेप'. 'शेप.एसएच' दिलं तर ती कधीच चालणार नाही, आणि चूकही कुठे दिसणार नाही: डेबियनचं रन-पार्ट्स नावात टिंब असलेल्या फाइली गुपचूप वगळतं. चालवण्याची परवानगीही द्यायला हवी. फोटो चढत असतानाचा पिंग आता ८० ते ९० मिलिसेकंद.

५ ऑगस्ट : हस्तांतर

/ईटीसी/पीपीपी पूर्ण, इंटरफेसेस फाइल, डीएनएसमास्कची मांडणी आणि यूडेव्हची नियमांची फाइल एका टारमध्ये बांधून पेनड्राइव्हवर दिली. पेनड्राइव्ह कपाटात कुलपात, कारण आत पासवर्ड उघडा आहे. मॉडेमचे चार आकडे (०, ३५, एलएलसी, ब्रिज) आणि निरोगी लाइनचे तीन (३८, २१, २०४८) मॉडेमखाली चिकटवले. महिन्यातून एकदा मार्जिन बघून वहीत लिहायचं, असं ग्रंथपालांशी ठरलं.

वीज कडाडायला लागली की अडॅप्टर आणि आरजे-११ दोन्ही काढायचे. नुसता अडॅप्टर काढला तर झटक्याची वाट उघडीच राहते.

राहिलेलं: रोझेटजवळ गॅस ट्यूबचा सर्ज अरेस्टर बसवायचा आहे, पण त्याला खरं अर्थिंग लागतं. वाचनालयाची अर्थची तार व्हरांड्याच्या खांबाजवळ तुटलेली आहे. वायरमन खड्डा घेऊन नवी पट्टी टाकेपर्यंत अरेस्टर खोक्यातच.